चीक आला, म्हणजे अनंत नव्हे

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही कराडजवळ एक जुनं घर घेतलं. परसात विहिरीच्या कडेला साधारण सहा-सात फूट उंचीचं एक हिरवंगार झुडूप आधीपासून आहे. त्याला पांढरी, गच्च पाकळ्यांची फुलं येतात. दिवसा वास जवळजवळ नाहीच, रात्री मात्र मंद सुगंध येतो. सासूबाई म्हणतात हा अनंत. शेजारच्या काकू म्हणतात ही पांढरी कण्हेर, विषारी असते, घरात लहान मूल आहे तर काढून टाका. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने एकदा अनंताचं इंग्रजी नाव दाखवलं, एकदा मोगऱ्याचं. मी अनंत समजून दर आठवड्याला आंबट ताक घालते आहे, तरी काही पानं पिवळी पडतात. आता तर रात्रीतून फांद्यांचे शेंडे बोडके होतात आणि खाली मिरीएवढे काळपट दाणे पडलेले दिसतात. हे झाड कोणतं? पूजेला चालेल का? ठेवू की काढू? फोटो जोडले आहेत. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, हे सांगायचं राहिलं.
– एक वाचक, कराड

उत्तर : जे सांगायचं राहिलं होतं, तेच सर्वांत महत्त्वाचं निघालं. तुमचं झाड डबल तगर आहे. काढू नका.

नाव कसं ठरवलं ते सविस्तर सांगतो. पांढऱ्या फुलांच्या झुडपांत असा घोळ नेहमी होतो, आणि एकदा पद्धत कळली की पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

फूल पाहून नाव ठरवायला गेलं की चूक होते, ती मुख्यतः डबल जातींमुळे. डबल, म्हणजे पाकळ्यांचे अनेक थर असलेल्या, फुलात मूळचा एकेरी आकार झाकला जातो. अनंत, डबल तगर, डबल मोगरा, तिन्ही वरून पाहिलं तर हिरव्या पानांत ठेवलेला पांढरा गुच्छच दिसतो. अ‍ॅपला तुम्ही वरून काढलेला फोटो दिलात, त्याने त्या गुच्छावरून अंदाज बांधला. म्हणून ओळख पटवताना फूल शेवटी पाहायचं. आधी चीक, मग पानांची मांडणी, मग फांदीचा सांधा.

चिकाची परीक्षा सकाळी करा. कोवळ्या फांदीवरचं एक पान देठाशी मोडा आणि मोडलेल्या जागेकडे दहा सेकंद पाहा. तगरीत दुधासारखा पांढरा थेंब लगेच फुगून येतो, फुलाचा देठ मोडला तरी येतो. उन्हाळ्यात भर दुपारी, पाणी कमी पडलेल्या झाडावर, जून फांदी मोडून पाहिली तर चीक इतका कमी येतो की ‘नाही’ असंच वाटतं. पुष्कळांची परीक्षा इथेच फसते. अनंत कदंबाच्या कुळातला, मोगरा आणि कुंद पारिजातकाच्या कुळातले, कामिनी म्हणजे कुंती ही लिंबाच्या कुळातली. यांपैकी एकालाही पांढरा चीक नसतो. त्यामुळे एका थेंबात चार नावं बाद झाली, आणि सासूबाईंचा अनंतही त्यातच गेला.

पण सासूबाई अगदीच चुकल्या असंही नाही. महाराष्ट्रात काही ठिकाणी डबल तगरीलाच अनंत म्हणायची रीत आहे. नाव तेच, झाड वेगळं. खऱ्या अनंताची खूण पक्की करून घ्यायची असेल तर फुलाखालचा हिरवा भाग पाहा. अनंताच्या कळीखाली उभ्या कण्यांचा हिरवा पेला असतो आणि त्याला लांब टोकदार दाते असतात. तगरीत तिथे पाच बारीक, जेमतेम दिसणारे दाते. दुसरी खूण पानांच्या जोडीच्या मधोमध. अनंताच्या फांदीवर दोन देठांच्या मध्ये पातळ पापुद्र्यासारखं आवरण असतं, नखाने अलगद सोलता येतं. शिवाय अनंताचं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साईसारखं पिवळसर होतं आणि तसंच झाडावर राहतं. त्याचा वास तर दिवसाही पाच हातांवरून येतो. तुमच्या फोटोत कालची फुलं कडेने तपकिरी झालीत, पिवळी नाहीत.

आता काकूंच्या कण्हेरीचं. चीक आल्यामुळे उलट ती शंका अधिक गंभीर होते, कारण तगर आणि कण्हेर एकाच करवीर कुळातल्या. गंमत म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनेही 1753 मध्ये तगरीला कण्हेरीच्याच प्रजातीत टाकून ‘नेरियम डिव्हॅरिकॅटम’ असं नाव दिलं होतं. आजचं ‘टॅबर्नेमोंटाना डिव्हॅरिकॅटा’ हे नाव नंतरचं. काकूंची चूक जुन्या परंपरेतली आहे म्हणा ना.

फरक पानांत आहे. कण्हेरीची पानं लांब, अरुंद, चामड्यासारखी जाड, आणि बहुधा एका पेरावर तीन-तीन. तिच्या फुलाच्या घशात झालरीसारखे तंतू असतात. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, हिची पांढऱ्या फुलांची जातही असते. तिची पानं बोटभर लांब पण जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर रुंद, आणि जोडीने न येता फांदीभोवती एकाआड एक येतात. बिट्टीचं फळ हिरवं, गरदार, त्रिकोणी दिसणारं. तुमच्या फोटोतली पानं समोरासमोर जोडीने आहेत, मधोमध रुंद, टोकाला निमुळती, चकचकीत, कडा किंचित लाटदार. त्या जोडीतही एक पान दुसऱ्यापेक्षा लहान आहे. ही तगरीची फार सुंदर खूण आहे आणि ती सहसा कुणी पाहत नाही. एक जोडी हातात धरा, दोन्ही पानं एकमेकांवर ठेवा, फरक लगेच दिसेल.

तिसरी खूण फांद्यांची. तगरीची फांदी वाढता वाढता इंग्रजी ‘वाय’सारखी दुभंगते, त्या दोन फांट्याही पुन्हा दुभंगतात, आणि फुलांचे लहान झुबके नेमके त्या बेचक्यांत येतात. तिच्या शास्त्रीय नावातला ‘डिव्हॅरिकॅटा’ हा शब्द या फाकलेल्या फांद्यांसाठीच आहे. त्यामुळे झुडूप आपोआप गोल, छत्रीसारखं होतं.

तुमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं, म्हणून आणखी दोन नावं बाद करून टाकू. डोंगरात कुडा असतो. त्यालाही चीक, पानं जोडीने, फुलं पांढरी. पण त्याची पानं गळतात, फुलं नेहमी पाच पाकळ्यांची, आणि शेंगा वीतभर किंवा त्याहून लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या. दुसरा नागलकुडा, तो तर तगरीचा सख्खा भाऊ, पश्चिम घाटातच सापडणारा. त्याचं फूल एकेरी तगरीसारखं भिंगरीच्या आकाराचं, पण ते झुडूप नसून लहान झाड असतं आणि साल बुचासारखी जाड, भेगाळलेली. डबल फूल या दोघांनाही येत नाही.

आता फुलाकडे या. एक फूल देठासकट काढून बाजूने पाहा. खाली दोन-अडीच सेंटिमीटरची बारीक नळी, वर पाकळ्यांचा पसारा. बाहेरच्या पाकळ्या एकाच दिशेने किंचित वळलेल्या, कडा चुरगळलेल्या मलमलीसारख्या, आणि आतल्या पाकळ्या लहान, एकमेकींत गुंतलेल्या. कळी बारीक, टोकाला पीळ दिलेली. अनंताची कळी याच्या दुप्पट जाड आणि हिरवट झाक असलेली असते. तगरीचा सुगंध अंधार पडल्यावर सुटतो, तुम्ही लिहिलंय तसाच.

फळं शोधलीत तर डबल तगरीवर बहुधा मिळणार नाहीत. एकेरीला येतात. वाकडी, टोकदार, दोन-दोनच्या जोडीने, पिकल्यावर उकलतात आणि आत लाल-नारिंगी गरात बिया दिसतात. हा रंग लहान मुलांना ओढून घेतो, त्यामुळे तुमच्याकडे डबल आहे हे बरंच आहे.

तुमची खरी काळजी मुलीची आहे. कण्हेर आणि बिट्टी या दोन्हींत थेट हृदयावर परिणाम करणारी विषं असतात, काकूंची भीती त्या झाडांबाबत शंभर टक्के खरी आहे. तगरीत तशी कण्हेरीची विषं नाहीत. पण तिच्यात वेगळी अल्कलॉइडं आहेत आणि चीक डोळ्यांना, त्वचेला झोंबतो. म्हणजे ती खाण्याची वनस्पती नव्हे. जमिनीपासून मुलीचा हात पोचतो त्या उंचीपर्यंतच्या बारीक फांद्या कापून टाका, म्हणजे मुलीच्या हाताला पानं लागणार नाहीत आणि झाडाला खोडही सुटसुटीत येईल. छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका. तिने पान चघळलंच तर तोंडातलं काढून ओल्या फडक्याने पुसा, थोडं पाणी पाजा, उलटी करवू नका, आणि झाडाची फुलासकट एक फांदी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. फांदी नेली की डॉक्टरांना अंदाज करत बसावं लागत नाही. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. तगरीच्या फुलांचं पाणी डोळ्यांना थंडावा देतं असा घरगुती उपाय कुणी सांगेल, विशेषतः कर्नाटकाकडून आलेलं कुणी, कारण तिकडे ही ‘नंदीबट्टलु’ म्हणून घरोघरी आहे. तो करू नका. फुलाच्या देठाला चीक असतोच.

विषय निघालाच आहे तर हेही. काष्ठौषधींच्या दुकानात ‘तगर गठोडा’ म्हणून मिळतो तो हिमालयातल्या एका वेगळ्याच वनस्पतीचा सुगंधी कंद आहे. पुस्तकात ‘तगरमूळ झोपेसाठी’ असं वाचून अंगणातल्या तगरीची मुळं उकळण्याचा प्रकार होऊ शकतो. तो कृपा करून कुणी करू नये.

पूजेला तगर उत्तम चालते. शंकराला ती आवर्जून वाहतात, हारांतही तिच्या कळ्या वापरतात. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवल्यात की सकाळी ताज्या राहतात. काढल्यावर देठ क्षणभर पाण्यात बुडवा म्हणजे चीक हाताला आणि देव्हाऱ्याला चिकटत नाही.

ताक आजपासून बंद करा. अनंताला आम्लधर्मी माती लागते, म्हणून त्याला ताक घालायची चाल पडली. पण कऱ्हाडच्या काळ्या मातीत चुना इतका असतो की पेलाभर ताकाचा आंबटपणा ती तिथल्या तिथे मारून टाकते. मातीचा गुण बदलत नाही. राहतो तो ताकातला स्निग्धांश आणि दूधघन, त्यावर बुरशी येते, मुंग्या येतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण. तगरीला आम्लधर्मी मातीचा हट्ट नाही.

पानं पिवळी कुठली पडतात ते पाहा. आतल्या बाजूची, खालची जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळत असतील तर ते वयाप्रमाणे चाललंय, काही करायचं नाही. एकदम खूप गळत असतील तर मुळाशी पाणी साचतंय. विहिरीच्या कडेला सांडणारं पाणी झाडाकडे वळतंय का ते बघा आणि चर काढून दुसरीकडे वळवा. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. चिलेटेड लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं. लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. साधं हिराकस मातीत टाकलं तर चुना त्याला बांधून ठेवतो आणि झाडाला फारसं मिळत नाही, म्हणून ते टाकू नका.

आणि आता ते मिरीएवढे दाणे. त्यांनी तर ओळखीला दुजोराच दिला. ती अळीची लीद आहे, आणि लीद एवढी मोठी म्हणजे अळीही तशीच मोठी. हिरव्या रंगाच्या एका मोठ्या पतंगाची ही अळी मुख्यतः तगर, कण्हेर, सदाफुली अशा करवीर कुळातल्या झाडांवर वाढते. अनंतावर ती सहसा दिसत नाही. रात्री आठनंतर विजेरी घेऊन जा. ताज्या लिदीच्या थेट वर, फांदीच्या खालच्या बाजूला शोधा. अळी पानाच्याच हिरव्या रंगाची, पूर्ण वाढली की बोटाएवढी लांब, दोन्ही कुशींवर पांढरे ठिपके आणि शेपटीला पिवळसर लहान शिंग. काडीने हळूच डिवचलंत तर ती डोकं आत ओढून घेते आणि डोक्यामागे दोन निळे-पांढरे गोल डोळे उघडल्यासारखे दिसतात. ते डोळे नव्हेत, पक्ष्यांना घाबरवायची सोय आहे. ती चावत नाही, खाजवत नाही. मुलीला दाखवा, पण डोळ्यांनीच बघू द्या, कारण हात तोंडात जातात आणि पानांचा चीक तिच्याभोवती असतोच.

सहा-सात फुटांच्या झाडावर पाच-सात अळ्या असल्या तरी औषध मारू नका. दोन आठवड्यांचा प्रश्न असतो. अळी तपकिरी दिसू लागली की ती खाणं थांबवून खाली उतरते, पाचोळ्यात कोश करते, आणि बोडके शेंडे तीन-चार आठवड्यांत पुन्हा पालवतात. फारच खाताहेत असं वाटलं तर निम्म्या उचलून दूरच्या कण्हेरीवर सोडा. कडुनिंबाचं तेल मोठ्या अळीवर फारसं चालत नाही, त्यामुळे ते वाया घालवू नका. ते कामाला येईल पिठ्या ढेकणांवर आणि खवले किडीवर. लिटरला 5 मिली तेल, त्यात 1 मिली द्रवरूप साबण नीट घुसळून, संध्याकाळी, पानांच्या मागून. फांदीवर कापसासारखे पुंजके, पानांवर चिकटपणा आणि काजळी दिसली तरच. काजळी ही बुरशी किडीच्या गोड चिकट्यावर वाढते, कीड गेली की ती ओल्या फडक्याने पुसून निघते.

खत म्हणून चांगलं कुजलेलं शेणखत एक घमेलं, वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर. खोडाला चिकटवून नव्हे, छत्रीच्या कडेखाली गोल आळं करून, कारण पाणी आणि खत घेणारी बारीक मुळं तिथे असतात. छाटणी जूनमध्ये पहिला पाऊस नीट झाल्यावर करा, उंचीचा तिसरा हिस्सा कमी केला तरी चालतं. मे महिन्यात छाटलंत तर उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने भाजतात. प्रत्येक छाटलेल्या टोकाला दोन फुटवे येतात आणि नव्या बेचक्यांत फुलं, म्हणजे छाटणीने फुलं कमी होत नाहीत, वाढतात. हातमोजे घाला आणि कात्री नंतर रॉकेलच्या बोळ्याने पुसा, नाहीतर चीक वाळून पाती जाम होतात.

याच छाटणीतून काकूंना एक रोप करून द्या. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी, तीन-चार पेरं असलेली. खालची पानं काढा, वरची दोन ठेवून तीही निम्मी कापा. कापलेलं टोक अर्धा तास पाण्यात उभं ठेवा, चीक वाहायचा थांबतो. हे न करता लगेच लावलेल्या फांद्या पुष्कळदा टोकाला कुजतात. मग निम्मी माती, निम्मी वाळू अशा पिशवीत दोन पेरं आत जातील अशी सावलीत लावा. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं धरते. नवी पालवी दिसली म्हणून लगेच उपटून बघू नका, फांदीतल्या साठ्यावरही पालवी फुटते. हलकेच ओढल्यावर जमिनीने धरून ठेवली तर मुळं आलीत.

सासूबाईंना खरा अनंतच हवा असेल तर तो विहिरीशेजारी काळ्या मातीत लावू नका, पिवळा पडून रखडेल. बारा इंची कुंडीत लाल माती, पानांचं खत आणि थोडी वाळू घालून, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारची सावली असेल अशा ओट्यावर ठेवा. पाणी शक्यतो साठवलेल्या पावसाचं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलायची नाही, फिरवायचीसुद्धा नाही, नाहीतर कळ्या गळतात. आणि रोपवाटिकेत रोप निवडताना विकणाऱ्याला विचारून एक पान मोडून पाहा.